मामेभाऊ आला तर कुठे नेशील? जुन्नरच्या एका सातवीने केलेलं पत्रक

जुन्नर शहरातल्या एका शाळेत सातवीच्या ३४ मुलांना परिसर अभ्यासासाठी एक काम दिलं गेलं. बाहेरगावाहून येणाऱ्या पाहुण्यांना तालुक्यातली पाहण्यासारखी ठिकाणं सुचवणारं एक पत्रक करायचं. मुदत ऑगस्ट ते जानेवारी. १९ फेब्रुवारीला शिवजन्माच्या सोहळ्यासाठी शिवनेरीवर महाराष्ट्रभरातून माणसं येतात, त्याआधी पत्रक हातात हवं होतं. शाळेचं आणि मुलांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. हे काम दुसऱ्या कुठल्या गावात करायचं तर काय करावं आणि कुठे अडतं, एवढ्यासाठी हे प्रकरण मांडलं आहे.

विषयाला खाण कमी नाही. जुन्नरच्या चारही बाजूंच्या डोंगरांत मिळून दोनशेहून जास्त लेणी आहेत, आणि एका गावाभोवती इतकी लेणी देशात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. कोकणातून वर येणाऱ्या नाणेघाटाच्या जुन्या वाटेमुळे हे सातवाहनांच्या काळचं व्यापारी ठाणं. १४९० च्या सुमारास निजामशाही उभी राहिली तीही इथूनच, नगर वसलं ते नंतर. २०१८ साली राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. म्हणजे काय पाहावं हे सांगणाऱ्या पाट्या, पुस्तकं आणि व्हिडिओ यांचा इथे तुटवडा नाही. नेमकी तीच पहिली अडचण ठरली.

पहिली यादी

पहिल्या फेरीत अकरा ठिकाणं आली: शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माळशेज घाट, जीवधन, चावंड, हडसर, कुकडेश्वर, खोडदची दुर्बीण आणि माणिकडोहचं बिबट्या केंद्र. यादीत चूक काहीच नव्हती, घोटाळा मजकुरात होता. शिवनेरीवर लिहिणाऱ्या बहुतेक मुलांचा पहिला परिच्छेद शब्दाला शब्द सारखा निघाला. प्रत्येक ठिकाण ‘निसर्गाच्या कुशीत वसलेलं’ होतं आणि ‘पर्यटकांना भुरळ’ घालत होतं. ज्या मुलाचं घर किल्ल्याच्या पायथ्याशी, त्यानेही तसंच लिहिलं होतं.

हे ओळखायची एक सोपी चाचणी वर्गात वापरली गेली. वाक्यातल्या ठिकाणाच्या नावावर बोट ठेवायचं. बोटाखाली रायगड, प्रतापगड किंवा दुसरं कोणतंही नाव घातलं तरी वाक्य खरं राहत असेल, तर ते खोडायचं. पहिल्या यादीतला जवळजवळ सगळा मजकूर या बोटाखाली गेला.

दोष मुलांचा नव्हता. ‘माहिती लिहा’ असं सांगितलं की मूल मोबाईल उघडतं, कारण शाळेत आजवर माहिती म्हणजे तीच. म्हणून प्रश्न बदलला. नवा प्रश्न असा: तुझा मामेभाऊ दुसऱ्या गावाहून सुट्टीत आलाय. तुमच्याकडे एक अख्खा दिवस आहे. त्याला कुठे नेशील, आणि तो एकटा गेला असता तर त्याला जे दिसलं नसतं असं तिथे काय दाखवशील?

प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा. त्याने उत्तरांचा रंगच पालटला. तुळजा लेण्यांतलं ‘गोल लेणं’ या फेरीत पहिल्यांदा आलं. हबशी घुमट ही जुनी कबर आली. शिवनेरीवर गंगा-जमुना टाक्यांचं पाणी भर उन्हाळ्यातही कसं गार असतं ते आलं. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवरची माकडं तर बारा जणांच्या लिखाणात आली, आणि ती कुठल्याही छापील माहितीत नव्हती.

कार्ड

मग प्रत्येक ठिकाणासाठी पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचं एक पुठ्ठ्याचं कार्ड केलं. जागेवर गेल्याशिवाय ते भरायचं नाही, एवढा एकच कडक नियम. लहानपणी गेलो होतो, काकांनी सांगितलं, फोटोत पाहिलं, हे चालणार नव्हतं. सहा गट पडले, दहा मुलांमागे एक मोठं माणूस सोबत, पालकांचं संमतीपत्र, आणि फिरणं सगळं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. त्या महिन्यांत पावसाळ्यातलं शेवाळ वाळलेलं असतं, ऊन सोसवतं, आणि उजेडही साडेपाचपर्यंत पुरतो.

कार्डावर सात रकाने होते. एसटी स्टँडपासून कशाने आणि किती वेळात. चढ किंवा पायऱ्या किती. सावली आणि पाणी कुठे. स्वच्छतागृह आहे का आणि त्यात पाणी आहे का. आजी कुठपर्यंत येऊ शकेल. दाखवल्याशिवाय न दिसणारी एक गोष्ट. आणि काय बिघडू शकतं.

पाचव्या रकान्यात आधी ‘आजी येऊ शकेल का?’ असं होतं. उत्तरं नुसती हो किंवा नाही अशी येत होती. ‘कुठपर्यंत’ हा एक शब्द घातल्यावर मुलं वेगळं पाहू लागली. शिवनेरीच्या कार्डावर लिहून आलं की गाडी थेट पायऱ्यांपर्यंत जाते, पुढची वाट बांधीव आहे, दरवाजे ओलांडताना बसायला ओटे मिळतात. तेव्हा आजी सावकाश, थांबत थांबत जन्मस्थानापर्यंत येऊ शकते, पण कडेलोटाच्या टोकाला तिला नेण्यात अर्थ नाही. कुठलीही आजी सोबत असलेल्या पाहुण्याला याहून उपयोगी दुसरी ओळ देता येणार नाही.

अंतर किलोमीटरऐवजी वेळात लिहायचं ठरलं. लेण्याद्री जुन्नरपासून पाचेक किलोमीटर, पण जीप भरायला लागणारा वेळ धरला नाही तर तो आकडा फसवा आहे. मुलांनी त्यासाठी आपलंच माप काढलं: शाळेचा एक तास, म्हणजे ३५ मिनिटं. ‘स्टँडवरून जीप भरण्यापासून लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत एक तासिका.’ छापताना मिनिटं लिहिली, पण मोजणी तासिकांत झाली, आणि त्यामुळे अंदाज बरेच खरे उतरले. ‘अर्धा तास’ म्हणजे किती हे सातवीतल्या मुलाला नीट सांगता येत नाही. तासिका किती लांब असते हे मात्र त्याला पक्कं ठाऊक असतं.

लेण्याद्रीच्या पायऱ्या

हे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

लेण्याद्रीच्या पायऱ्यांचे छापील आकडेच दोन आहेत. कुठे २८३ तर कुठे ३०७. मुलांना वाटलं, आपण मोजून एकदाचा निकाल लावू. तीन गट वेगवेगळ्या दिवशी गेले आणि तीन आकडे घेऊन आले. कोणाचाच दुसऱ्याशी मेळ नाही. वर्गात भांडण झालं, तेव्हा तिन्ही गटांना पुन्हा एकत्र नेलं आणि प्रत्येकाने मोठ्याने मोजायचं ठरलं. फरक कुठे पडतो ते मग दिसलं. एका गटाने मोजणी खालच्या दुकानांपासून सुरू केली होती, दुसऱ्याने तिकीटघरापासून. मधले रुंद टप्पे कोणी एक पायरी धरले, कोणी धरलेच नाहीत. काही ठिकाणी एक उंच पायरी झिजून दोन झाल्यासारखी दिसते. आणि लेण्यांच्या समोर पोचल्यावर गणपतीपर्यंतच्या शेवटच्या पायऱ्या मोजायच्या की नाही हे आधी ठरलंच नव्हतं.

शेवटी कार्डावर असं आलं: ‘तिकीटघरापासून सुमारे तीनशे पायऱ्या. दगडी आणि बऱ्याच ठिकाणी उंच. वर जाताना पाय दुखत नाहीत, उतरताना गुडघे थरथरतात. चढता येत नसेल तर डोली मिळते.’ सुमारे हा शब्द इथे आळसाने आलेला नाही. तो मोजून आला आहे, आणि कुठून मोजलं तेही सोबत लिहिलेलं आहे.

माकडांबद्दलची ओळ त्याच कार्डावर होती: प्रसादाची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, पाठीवरच्या दप्तरात घाला आणि चेन लावा. माकडाने ओढलीच तर सोडून द्या. पाहुण्याला भूषण सांगणारी पाटी कुठेही सापडते, पिशवीची चेन लावायला सांगणारी सापडत नाही.

सहाव्या रकान्यात मुलांनी लिहिलं की गणपतीच्या सभामंडपात मधोमध एकही खांब नाही आणि भिंतींना छोट्या छोट्या खोल्या आहेत. हे सातवं लेणं मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. त्या वीस खोल्या त्यांच्या राहण्याच्या. दर्शन घेऊन माणसं लगेच फिरतात आणि शेजारचं सहावं लेणं, म्हणजे स्तूप असलेलं चैत्यगृह (बौद्धांचं प्रार्थनेचं लेणं), पाहायचं राहून जातं. ‘दर्शनानंतर दहा पावलं जास्त चाला’ ही एका मुलीने लिहिलेली ओळ आम्हाला पूर्ण पत्रकातली सर्वांत चांगली वाटते.

पाहिलं, वाचलं, लोक सांगतात

लेण्याद्रीवरच दुसरा पेच आला. पार्वतीने इथे तप केलं आणि गिरिजात्मज गणपती प्रकटला, ही कथा मुलांनी घरी ऐकलेली. लेणी बौद्धांनी खोदली, हे पाटीवर वाचलेलं. मग खरं कोणतं लिहायचं? एकाला खोटं ठरवायची गरज नव्हती. प्रत्येक वाक्याच्या पुढे समासात तीनपैकी एक खूण करायची ठरली: पा, वा किंवा लो. पाहिलं, वाचलं, लोक सांगतात. ‘लो’ खूण असलेलं वाक्य पत्रकात जायचं ते ‘अशी श्रद्धा आहे’ किंवा ‘असं सांगतात’ या शब्दांसह. ‘वा’ असलं तर दोन ठिकाणी ताडून पाहायचं आणि जुळलं नाही तर वगळायचं. ‘पा’ला कोणाची परवानगी लागत नव्हती.

नाणेघाटात या खुणांचा कस लागला. घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला रांजण आहे. तो जकातीची नाणी टाकायचा, म्हणून नाणेघाट, असं गावात सगळे सांगतात. रांजण मुलांनी पाहिला, त्यात हात घालून झाला, पण जकातीची गोष्ट ‘लो’ खुणेखाली गेली. त्याच्या जवळच्या गुहेतला लेख मात्र वाचलेला आणि ताडलेला. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, सातवाहन राणी नागनिकेच्या नावाने ओळखला जाणारा, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पायांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात, वर नावं कोरलेली: सिमुक सातवाहन, देवी नायनिका, सिरी सातकणी आणि इतर.

पावसाळ्यात नाणेघाटाला येणारी शेकडो माणसं वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघतात आणि गुहेत डबा खाऊन परत जातात. भिंतीवर काय आहे ते त्यांना कळत नाही, कारण अक्षरं झिजलेली आणि वर धुरकट उजेड. मुलांनी इथे गणिताचा धागा पकडला. लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत: १७०० गायी, २४,४०० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. भारतात अंक कोरलेल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी हा एक, पण यात शून्य नाही. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी, आणि किती शंभर ते त्या खुणेला चिकटवून दाखवलेलं. १७०० मधली शून्यं आपण लिहितो, तेव्हाच्या कोरक्याला ती लागलीच नाहीत. पत्रकात ‘गुहेत शिरल्यावर डाव्या-उजव्या भिंती पाहा, अंक शोधा, हात लावू नका’ एवढंच छापलं. बोटांच्या घामाने आणि खडूने अक्षरं भरण्याच्या हौसेने दगड खराब होतो, हे मुलांना तिथेच दाखवता आलं, कारण शेजारीच लोकांनी आपली नावं कोरून ठेवलेली होती.

नाणेघाटाच्या कार्डाचा पहिला रकाना सर्वांत कच्चा राहिला. जुन्नरपासून तीसेक किलोमीटर, रस्ता घाटघरपर्यंत जातो, पण एसटी मोजक्या. वेळापत्रक छापावं असा मुलांचा आग्रह होता. तो मानला नाही. गाड्यांच्या वेळा बदलत राहतात, पत्रक मात्र वर्षभर लोकांच्या हातात राहतं. त्याऐवजी ‘निघण्याआधी स्टँडच्या चौकशी खिडकीवर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा आणि तळहातावर लिहा’ असं लिहिलं.

गोल लेणं

तुळजा लेणी शहराच्या पश्चिमेला चार-पाच किलोमीटरवर. पहिल्या यादीत नव्हती, अंतिम पत्रकात त्यांना सर्वांत जास्त जागा मिळाली. कारण साधं होतं. चैत्यगृह म्हटलं की घोड्याच्या नालेसारखा लांबट सभामंडप असतो. कार्ल्याला, भाज्याला तसंच. तुळजाला ते गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती साधे अष्टकोनी बारा खांब, वर घुमटासारखं छत. असं गोल चैत्य लेणं महाराष्ट्रात क्वचितच पाहायला मिळतं.

गटातल्या मुलांना त्याचं मोल कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना ते आवडायचं कारण खांबांमागून पळापळी खेळता येते आणि मध्ये उभं राहून बोललं की आवाज घुमतो. दोन्ही गोष्टी कार्डावर आल्या. पहिली छापली नाही, दुसरी छापली, आणि तिच्यापुढे एक ओळ जोडावी लागली: हळू आवाजात बोलून पाहा, ओरडू नका.

ही ओळ मधमाश्यांमुळे. जुन्नरच्या लेण्यांत कड्याखाली आग्या मोहोळं असतात, लेण्याद्रीला, तुळजाला आणि शिवनेरीच्या कड्यांनाही. पाहुण्यांना इथे खरा धोका याचाच आहे आणि बहुतेक माहितीपत्रकं त्याबद्दल गप्प असतात. माश्या उठण्याची कारणं मुलांना तोंडपाठ होती: धूर, फटाका, दगड मारणं, आरडाओरड, अंगावरचा उग्र सेंट. पत्रकात पूर्ण चौकट त्यासाठी ठेवली. माश्या उठल्या तर हात हलवू नका, टॉवेल किंवा ओढणीने तोंड आणि मान झाका, मोहोळापासून दूर आणि उतरत्या दिशेने चालते व्हा, जमिनीवर लोळू नका. डंख बरेच बसले किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना.

गळालेली ठिकाणं

अकरामधली पाच गेली आणि दोन नवी आली. ती का गेली हे मुलांनी वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवलं. हे करायलाच हवं; नाहीतर ज्याचं ठिकाण गळतं ते मूल रुसतं आणि काम सोडतं.

जीवधन आणि चावंडच्या पायऱ्या १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. जीवधनावर अजूनही कातळ चढून जावं लागतं; चावंडला लोखंडी कठडे बसवले आहेत, तरी अनोळखी पाहुण्याला सातवीच्या मुलाने ते सुचवणं बरोबर नाही. हडसरचं कोरीव प्रवेशद्वार अप्रतिम, पण वाट विचारल्याशिवाय सापडत नाही. शिवनेरीची साखळदंडाची वाट एका गटाला फार आवडलेली. ती नाकारली आणि कारणही सरळ सांगितलं: उभा कडा, हातात साखळी, पडलं तर उपाय नाही. माळशेज पावसात सुचवायचं म्हणजे दरडी कोसळणाऱ्या रस्त्यावर पाठवायचं. पाऊस नसताना सुचवायचं तर मुलांकडे तिथे दाखवण्यासारखं स्वतःचं काही नव्हतं.

माणिकडोहचं केंद्र सर्वांत जास्त मतांनी आलेलं आणि सर्वांत वादात गेलेलं. उसाच्या शेतात बिबट्याची मादी विते, पिलं सापडतात, जखमी बिबटे येतात. वनखातं त्यांना तिथे ठेवतं आणि सांभाळतं. ते प्राणिसंग्रहालय नाही, मनात आलं म्हणून जाता येत नाही, आणि पाहुण्यांची वर्दळ जनावराला त्रासाची. ठिकाण म्हणून ते वगळलं, पण बिबट्या पत्रकात राहिला. संध्याकाळनंतर उसाकडेच्या वाटेने पायी जाऊ नये, लहान मूल मागे राहू देऊ नये, वाकून बसू नये. जुन्नरच्या मुलांना हे घरून रोज सांगितलं जातं, पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला कोणी सांगत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणाखाली ‘अंधार पडायच्या आत खाली या’ असं छापलं.

खोडद

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर मुलांचा जीव. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. चौदा खोडदच्या परिसरात एकत्र, सोळा तीन दिशांना पसरलेल्या. ४५ मीटर म्हणजे किती? खो-खोचं मैदान २७ मीटर लांब असतं, त्याच्या दीडपटीहून जास्त. हे माप मुलांनीच काढलं आणि छापलंही. एवढी मोठी ताटली भरीव नाही, तारेच्या जाळीची आहे, म्हणून वारा तिच्यातून निघून जातो आणि वजन कमी राहतं. ही गोष्ट दाखवल्याशिवाय लक्षात येत नाही, कारण लांबून ती पांढरी आणि घट्ट दिसते.

इथलं बिघडण्याचं कारण वेगळं. पाहुणा सहज जातो आणि फाटकावरून परततो. आत जायला आधी नोंदणी लागते, मोबाईल बंद करावा लागतो, कारण फोनच्या लहरी आकाशातून येणाऱ्या क्षीण लहरींना बुडवतात. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला मात्र दुर्बीण लोकांसाठी खुली होते आणि शाळांची विज्ञान प्रदर्शनं मांडली जातात. पत्रकात तोच दिवस ठळक दिला.

हबशी घुमट, ओझर आणि कुकडेश्वर दोन-दोन ओळींत उरकले. ओझरला जायला कोणाला सांगावं लागत नाही. कुकडेश्वराचं मंदिर सुंदर आहे आणि कुकडी तिथे उगम पावते, एवढं पुरेसं होतं.

मोठ्यांचा हात

मोठ्यांनी काय करायचं नाही, हे इथे सर्वांत उशिरा उमगलं. पहिल्या कच्च्या खर्ड्यात ‘उतरताना गुडघे थरथरतात’ याचं ‘उतरण काहीशी दमछाक करणारी आहे’ झालं होतं. शुद्ध, सभ्य आणि निरुपयोगी. ती ओळ लिहिणाऱ्या मुलीने खर्डा वाचला आणि ‘हे मी लिहिलं नाही’ म्हणाली. त्यानंतर मोठ्यांच्या लाल पेनाला तीनच कामं ठेवली: शुद्धलेखन, चुकीची माहिती आणि धोका. बाकी वाक्य हलवायचं नाही.

छपाईसाठी ए-फोर कागद, दोन्ही बाजूंनी, दोन घड्या. सहा पानं होतात. एका पानावर बारा पॉइंटच्या अक्षरात मोजकेच मराठी शब्द मावतात, चित्र असेल तर आणखी कमी. सात-आठ ठिकाणांना यापेक्षा जास्त जागा मिळत नाही, म्हणून कार्डं निवडतानाच शब्द मोजायला लावले. चित्रं पेन्सिलीने काढलेली होती आणि झेरॉक्सवर ती नाहीशी झाली. काळ्या जेल पेनाने पुन्हा गिरवावी लागली. नकाशा हाताने काढला, उत्तर दिशा वर ठेवली, प्रमाण सोडून दिलं आणि रस्त्यांवर मिनिटं लिहिली.

अक्षरांचा घोळ मात्र अनपेक्षित होता. शाळेत युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छापखान्याने आपल्या जुन्या फाँटमध्ये बदलून घेतला आणि ‘पायऱ्या’ सगळीकडे ‘पाय-या’ झालं, ‘दुसऱ्या’चं ‘दुस-या’. नुक्त्याचा ‘ऱ’ असलेला प्रत्येक शब्द फुटला. पन्नास प्रती छापून झाल्यावर हे दिसलं. दुसऱ्या वेळी मजकूर पीडीएफ करून दिला आणि छपाईआधी एक प्रत मागवून ‘ऱ्या’, ‘र्‍ह’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही अक्षरं एका मुलाने पट्टी धरून तपासली. पायऱ्यांवर एवढी मेहनत घेतल्यावर हा शब्दच चुकलेला छापला असता तर फार वाईट वाटलं असतं.

मुलांची नावं पत्रकावर घातली नाहीत, फक्त ‘सातवीचा वर्ग’. फोटोही नाहीत, चित्रंच.

पावसाळ्यानंतर

२०० प्रती स्टँडवरच्या चहाच्या टपऱ्या, दोन लॉज आणि लेण्याद्रीच्या पायथ्याची दुकानं अशा ठिकाणी ठेवल्या. मागच्या पानावर ‘काही चुकलं असेल तर इथे लिहा आणि प्रत टपरीवर परत द्या’ अशी तीन रेघांची जागा होती. जून ते सप्टेंबरमध्ये परत आलेल्या प्रतींतला सर्वांत मोठा दोष एकच निघाला: तुळजाची ‘गाडीरस्त्यापासून पंधरा मिनिटं’. डिसेंबरात खरी, जुलैत चिखल आणि शेवाळामुळे दुप्पट, आणि घसरणारी. पत्रक एका हंगामात मोजून बाराही महिने वाटलं गेलं, ही नियोजनाची चूक होती. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक ठिकाणापुढे ‘मोजलं: डिसेंबर’ असं लिहायचं ठरलं, आणि पावसाळ्यातली मोजणी एका वेगळ्या गटाला दिली.

नव्या सातवीसमोर आता एक अवघड कार्ड आहे. बोरी बुद्रुकला मावशी असलेल्या मुलाने ते आणलं. कुकडीच्या काठावर तिथे राखेचा पांढुरका थर दिसतो. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची राख वाऱ्याने तिथपर्यंत आलेली, आणि तिच्याजवळ आदिमानवाची दगडी हत्यारं सापडलेली. राख किती जुनी, सुमारे ७५,००० वर्षांची की त्याहूनही फार आधीच्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. हे पाहून कोणीही थक्क होईल. पण थर मऊ आहे, नखाने खरवडला तरी निघतो, आणि नदीकाठी राखायला कोणी नाही. दहा पाहुणे चिमूटभर आठवण म्हणून घेऊन गेले तर काय राहील?

मुलाने सहावा रकाना दोन्ही बाजूंनी भरून दिला आहे. सातव्यात त्याने ‘आपणच’ एवढा एक शब्द लिहिलाय. कार्ड छापायचं की नाही यावर दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग मत देणार आहे.